दुसऱ्या मजल्यावरचा राखीव बिघाड

आमच्या ह्यांनी मला न विचारता, कुणाची परवानगी न घेता, ऐन प्रशिक्षणाच्या दिवसांत आपला उजवा डोळा बरा करून घेतला, ही माझी तक्रार आहे.

माणूस आजारी पडतो, बरा होतो, त्यात एवढं काय, असं तुम्ही म्हणाल. माझी धाकटी जाऊही तेच म्हणते. तिचं आणि तुमचं म्हणणं एकच निघालं, त्यावरून तुमच्या समजेचा अंदाज मला आला. तरी सांगते. एका माणसाच्या उतावीळपणानं किती लोकांचं शिक्षण अडतं ते आधी ऐका, मग काय ते बोला.

हे घड्याळजी. चौकाच्या कोपऱ्यावर दुकान आहे. दुकान म्हणजे काचेची एक पेटी, मागं उंच स्टूल, आणि डोळ्याला अडकवायचं ते काळं भिंग. जन्मभर त्या भिंगातून उजव्या डोळ्यानं बघितलं, म्हणून की काय, मोतीबिंदूही आधी उजव्यातच झाला. पहिल्यांदा कळलं ते एका गिऱ्हाइकामुळं. त्याच्या घड्याळात ह्यांनी तासकाटा मिनिटकाट्याच्या जागी बसवून दिला होता. तो भांडायला आला. असंच घड्याळ घेऊन गेलेला दुसरा एकजण मात्र आला तो आभार मानायला. म्हणाला, काका, आता ऑफिसला उशीर झाल्याचं कळतच नाही. पण सगळी गिऱ्हाइकं काही सरकारी नोकर नसतात. दुकान चालायचं तर डोळा हवा होता.

डोळ्याची चिंता आम्हाला नव्हती, कारण आमचा थोरला मोठ्या हॉस्पिटलात आहे. डॉक्टर नाही. तिथले संगणक एकमेकांशी बोलतात, काही वायरीतून आणि काही हवेतून. ते बोलणं चालू ठेवायचं काम त्याच्याकडं. पूर्वी हा पोरगा तोंडात वायर धरून टेबलाखाली सरपटत जायचा, बाहेर यायचा तो केसांत जळमटं घेऊन, आणि काम झालेलं असायचं. "आपलं हॉस्पिटल असताना बाहेर कुठं गेलात तर माझं नाक कापलं जाईल," असं त्यानं बजावलं. मीही जावेला सांगून ठेवलं होतं की ह्यांचं ऑपरेशन तिथंच, आपल्या मुलाच्या देखरेखीखाली. एकदा सांगितलं म्हणजे सांगितलं.

त्याच सुमाराला हॉस्पिटलच्या अधीक्षकसाहेबांवर एक प्रसंग गुदरला. ते संगणकावरून आपल्या वरिष्ठांशी बोलत होते, आणि मध्येच आवाज गेला, चेहरा राहिला. तोही तोंड उघडं असताना. वरिष्ठांनी बराच वेळ त्यांचं उघडं तोंड पाहिलं आणि सभा संपवली. दुसऱ्याच दिवशी हुकूम निघाला की तारयुक्त व तारविरहित जाळ्यांचे व्यवस्थापन या विषयात सर्व संबंधित कर्मचाऱ्यांना प्रशिक्षित करण्यात यावे. बाहेरून एक प्रशिक्षक आला. गळ्यात टाय, टायवर चिमटा, आणि बोलताना दोन्ही हातांनी हवेत चौकोन काढायची सवय.

वर्ग तळघरात भरायचा. तिथं वायर पोचत नव्हती आणि हवेतलंही काही पोचत नव्हतं, म्हणून शांतपणे शिकवता यायचं. पहिल्याच दिवशी प्रशिक्षकानं फळ्यावर एक ढग काढला आणि सांगितलं की सगळं इथून येतं आणि इथंच जातं, ह्याच्या आत काय आहे ते तुम्ही जाणून घ्यायची गरज नाही. थोरला घरी आला तो भारावून. मला म्हणाला, "आई, मी इतकी वर्षं नुसता दुरुस्त करत होतो गं. समजत काहीच नव्हतं."

त्यानंतर त्याला समजायला लागलं, आणि घरातली कामं बंद झाली.

मोरीतला नळ गळायला लागला. मी म्हटलं, "अरे, जरा बघ." तो आला, उभा राहिला, आणि हाताची घडी घालून बघत बसला.

"काय करतोयस?"

"आई, कुठलाही बिघाड सात थरांपैकी एका थरात असतो. आधी थर ठरवायचा."

"गळतोय तो मोरीत. तुझे थर गेले खड्ड्यात."

"हीच चूक होते. लोक आधी हात लावतात," असं म्हणून तो गेला, आणि मी नळाला चिंधी बांधली. ती अजून आहे.

असं सगळं चाललेलं असताना आम्ही ह्यांना घेऊन दुसऱ्या मजल्यावर डोळ्यांच्या विभागात गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी ह्यांची हनुवटी एका यंत्रावर ठेवायला लावली, प्रकाश पाडला, आणि म्हणाल्या, "आजी, आकडा मिळाला." मी त्यांची आजी कधी झाले ते मला आठवेना, पण डोळ्याचं काम होतं म्हणून गप्प बसले. आकडा म्हणजे ह्यांच्या डोळ्यात बसवायच्या भिंगाचं माप. तो खालून वर ऑपरेशनच्या खोलीत जायचा, आणि तिथं त्या मापाचं भिंग काढून ठेवायचे.

"मी बटण दाबलंय. वर जाऊन बसा," त्या म्हणाल्या.

आम्ही वर जाऊन बसलो. वरची नर्स म्हणाली, आमच्या पडद्यावर काही आलेलं नाही. आम्ही खाली आलो. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा बटण दाबलं. आम्ही पुन्हा वर गेलो. ह्यांना जिना दिसत नव्हता, म्हणून मी प्रत्येक पायरीला "आली" म्हणत होते.

शेवटी मी म्हटलं, "बाई, एका चिठोऱ्यावर लिहून द्या. मी नेऊन देते."

"हातानं लिहिलेला आकडा वर चालत नाही, आजी. मागं कुणीतरी एकाचा सात वाचला होता. तेव्हापासून यंत्रानं यंत्राला सांगायचं, माणसानं मध्ये पडायचं नाही, असा नियम आहे."

ह्यांच्या डोळ्याचा आकडा डॉक्टरीणबाईंना ठाऊक होता, मला ठाऊक होता, बाकावर बसलेल्या सगळ्यांना पाठ झाला होता. वरच्या त्या एका पडद्याला तेवढा ठाऊक नव्हता. हे बाकावर टेकून म्हणाले, "माझ्या डोळ्याला काही झालेलं नाही गं. आकड्याला झालंय."

मी थोरल्याला गाठलं. तो विभागाबाहेरच्या बोळात एका उघड्या कपाटापुढं उभा होता. आत एक चपटा डबा, त्याला ओळीनं भोकं, प्रत्येक भोकात एक निळी वायर. वर छताला एक पांढरी ताटली उलटी चिकटवलेली, तिच्यात दिवा. एरवी हिरवा असतो म्हणे. आत्ता तांबडा होता.

"अरे, बघ की काय झालंय ते."

"बघितलंय, आई. फार सुंदर बिघाड आहे."

"सुंदर?"

"तारेचा आणि हवेचा, दोन्हीचा एकदम! कुणीतरी एकाच वायरीची दोन्ही टोकं ह्या एकाच डब्यात खोचलीत. एक टोक लोंबत होतं, कुणा नीटनेटक्या माणसाला बघवलं नसेल. आता ह्या टोकातून निघालेला निरोप त्या टोकातून परत येतो. डब्याला वाटतं नवीन आला, तो पुन्हा पाठवतो. सगळी वाट त्यातच भरून गेली. हवेतून बोलणारी ती ताटलीही ह्याच डब्यावर, त्यामुळं तीही अडकली."

"म्हणजे सगळे बोलतायत आणि पोचत कुणाचंच नाही."

"अगदी बरोबर!"

"मग उपट ती वायर."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी कुणाचा तरी गळा दाबायला सांगितला होता. "आई, दुरुस्ती दुसऱ्या स्तरात आहे. आम्ही अजून पहिल्या स्तरात आहोत. आम्ही फक्त ओळखायचं."

तेवढ्यात प्रशिक्षक आला. त्याला बिघाडाची बातमी तळघरात कळली होती. त्यानं कपाटात डोकं घातलं, आणि बाहेर काढलं तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. "मी इतकी वर्षं फळ्यावर हेच काढत आलो," तो म्हणाला. "प्रत्यक्ष कधी बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं. ह्याला कुणी हात लावू नका."

संध्याकाळच्या आत कपाटाभोवती दोरी बांधली गेली आणि पाटी लागली. पाटीवर लिहिलं होतं: दुसऱ्या मजल्यावरील बिघाड प्रशिक्षणार्थ राखीव ठेवण्यात आला असून तो सुस्थितीत राहील याची सर्वांनी दक्षता घ्यावी. खाली अधीक्षकसाहेबांची सही. पहिल्या तुकडीनं बिघाड बघितला. मग दुपारच्या पाळीची तुकडी होती, तिला वगळून चालण्यासारखं नव्हतं. मग दुसऱ्या हॉस्पिटलांना कळलं. त्यांच्याकडं बिघाड होते, पण किरकोळ, कुणाची तरी पिन निघालेली वगैरे. त्यांनी आपली माणसं पाठवायची परवानगी मागितली, आणि आमच्या साहेबांनी मोठ्या मनानं दिली.

एवढी ये-जा वाढल्यावर बिघाडाला कुणीतरी वाली हवा. आमच्या थोरल्याची नेमणूक बिघाड-संवर्धन प्रमुख म्हणून झाली. दोरीच्या आत खुर्ची, छातीवर बिल्ला. मी ह्यांना घेऊन गेले तेव्हा शिपाई मला म्हणाला, "साहेबांच्या मातोश्री का? या, पाणी घ्या." खोटं कशाला बोलू, अंगावर मूठभर मांस चढलं. घरी येताना मुद्दाम जावेच्या दारावरून आले.

"मग, झालं का भाऊजींचं ऑपरेशन?" तिनं विचारलं.

"ऑपरेशनचं काय, होईल कधीही. आमच्या थोरल्याच्या हाताखाली अख्खा बिघाड दिलाय."

तिला काय कळणार! ती नुसती ह्यांच्याकडं बघत राहिली. हे भिंतीला हात लावून पायरी शोधत होते.

पुढं एक अपघात झाला. झाडलोट करणाऱ्या मावशी बोळ पुसत होत्या. दोरीखालून त्यांचा फडक्याचा दांडा आत गेला, वायरीत अडकला, आणि एक टोक सुटलं. ताटलीतला दिवा हिरवा झाला. वरच्या पडद्यावर अडकून पडलेले आकडे एकामागून एक पडायला लागले. एका बाईंचं ऑपरेशन चक्क होऊनही गेलं. ह्यांचा आकडा रांगेत बराच मागं होता, पण येत होता. डॉक्टरीणबाई धावत बाहेर आल्या, आम्हाला म्हणाल्या, "आजी, वर जा, लवकर!"

आम्ही अर्ध्या जिन्यात असताना शिट्ट्या वाजल्या. बिघाड नाहीसा झाल्याचं शिपायाच्या ध्यानात आलं होतं.

मावशींची जागच्या जागी चौकशी झाली. "मी नुसतं फडकं फिरवलं हो!" त्या सांगत होत्या. पण दिवा हिरवा झाला ही गोष्ट नाकारण्यासारखी नव्हती. त्यांच्यावर अनधिकृत सुरळीतपणाचा ठपका आला, आणि शिक्षा म्हणून त्यांना पहिल्या स्तराच्या वर्गाला बसवण्यात आलं. मग बिघाड पूर्ववत करायचा प्रश्न आला. शिकलेले सगळे दोरीभोवती जमले. बिघाडाचं कारण सगळ्यांना सांगता येत होतं, लक्षणं तोंडपाठ होती, पण टोक कुठल्या भोकात होतं ते कुणाला आठवेना. प्रशिक्षक घामाघूम. तेव्हा आमचा थोरला पुढं झाला, वायर उचलली, आणि न बघता नेमक्या भोकात खोचली. हात असा चालला, जणू आधी एकदा चालून गेलेला. टाळ्या पडल्या. मुलाचं कौतुक होत असताना आईनं बारीक बघायचं नसतं.

यंत्रांनी सगळे आकडे पुन्हा पहिल्यापासून पाठवायला घेतले, आणि ते पुन्हा अडकले. आम्ही अर्ध्या जिन्यातून खाली आलो. "आली, आली," मी पायऱ्या सांगत होते. "कोण आली?" हे म्हणाले. "आलं तर काहीच नाही."

आता ह्यांच्या डाव्या डोळ्यातही धूर दिसायला लागला होता. एका दुपारी मी दुकानात डबा घेऊन गेले, तर स्टूल रिकामं. बघते तर हे पेटीमागं जमिनीवर, गुडघ्यांवर, आणि तळवे फिरवतायत. एका घड्याळाची केसाएवढी कमान हातातून उडाली होती. गिऱ्हाईक उभं राहून वाट बघत होतं. मला पाहून ह्यांनी, म्हणजे माझी चाहूल लागून, हात झटकले आणि म्हणाले, "फरशी पुसत होतो."

मी डबा ठेवला आणि तशीच हॉस्पिटलात गेले. दुसऱ्या मजल्यावर वर्ग भरला होता. प्रशिक्षक विचारत होता आणि तुकडी एका सुरात म्हणत होती, "दोन्ही टोकं एकाच डब्यात!" "उपाय?" "एक टोक काढणे!" "कोण काढेल?" "दुसरा स्तर!"

"दुसरा स्तर कधी सुरू होणार?" मी मागून विचारलं.

"पहिल्याचा निकाल लागल्यावर, मावशी," प्रशिक्षक म्हणाला.

"आणि निकाल कधी?"

"गुण इथल्याच संगणकावर भरायचे आहेत. बिघाड दूर झाला की लगेच."

मी दोरी उचलली आणि आत गेले. थोरला खुर्चीतून उठला, "आई, नको! तुझं प्रशिक्षण झालेलं नाही!" मी त्याला कोपरानं बाजूला केलं आणि ती निळी वायर धरून ओढली. टिक असा आवाज झाला. दिवा हिरवा.

मग टाळ्या सुरू झाल्या. केवढ्या टाळ्या! तुम्ही तिथं असतात तर तुम्हीही वाजवल्या असत्या. आत्ता वाचतानासुद्धा तुमचे हात शिवशिवले, नाही म्हणू नका. झाडलोटीच्या मावशी तर बाकावर उभ्या राहिल्या. प्रशिक्षकानं माझ्यापुढं मान लववली आणि म्हणाला, "इतकी सफाईदार दुरुस्ती मी कुठं पाहिली नाही. पण मावशी, मागच्या रांगेला दिसलं नाही."

मी मागं बघितलं. खरंच, मागची माणसं टाचा उंचावून उभी होती. बिचारी दुसऱ्या हॉस्पिटलातून आलेली.

"पुन्हा एकदा दाखवाल?"

थोरल्यानं वायर परत खोचली, आणि मी पुन्हा ओढली. ह्या खेपेला मनगट जरा वळवून, म्हणजे सगळ्यांना दिसेल. मग डाव्या बाजूच्यांना दिसलं नव्हतं.

दुसरा स्तर अडला होता त्याचं खरं कारण तेव्हा मला कळलं. शिकवायलाच कुणी नव्हतं. प्रत्यक्ष दुरुस्ती केलेला एकही माणूस अख्ख्या हॉस्पिटलात उरलेला नव्हता. होते ते सगळे प्रशिक्षित झाले होते. साहेबांनी मला आपल्या खोलीत बोलावलं, खुर्ची दिली, आणि माझी मानद दुरुस्ती-प्रशिक्षिका म्हणून नेमणूक झाल्याचं सांगितलं. माझं शिक्षण किती, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, चौथीत शाळा सुटली. ते म्हणाले, काही हरकत नाही, दुसऱ्या स्तराला पहिला स्तर लागतो, शाळा लागत नाही. आणि पहिला स्तर तुम्ही मागं उभ्या राहून ऐकलाच आहे.

तर असा माझा वर्ग सुरू झाला. मला दाखवायला एक लांब पट्टी मिळाली. बिल्लाही मिळाला, थोरल्याच्या बिल्ल्यापेक्षा बोटभर मोठा. मी आधी अंगठा कुठं ठेवायचा ते सांगायची, मग वायर ओढायची, दिवा हिरवा व्हायचा, टाळ्या पडायच्या, आणि थोरला वायर परत खोचायचा. शिकवण्यात एक गोडी असते ती शिकवल्याशिवाय कळत नाही.

हे घरी एकदा म्हणाले, "अगं, रोज काढतेस ना ती वायर? मग थोडा वेळ तशीच बाहेर ठेव. माझा आकडा जाईपर्यंत."

"अहो, वर्ग असतो. नवऱ्यासाठी वायर बाहेर ठेवली तर लोक वशिला म्हणतील."

"म्हणू देत."

"तुम्हाला काय, तुम्हाला लोक दिसत नाहीत."

मी बोलून गेले खरी. पण चुकीचं काय बोलले?

पुढची कल्पना प्रशिक्षकाची. नुसतं कारण आणि उपाय दाखवून भागत नाही, परिणामही दाखवायला हवा, असं त्याचं मत पडलं. आणि परिणाम तर रोज माझ्याबरोबरच येऊन बाकावर बसत होता. ह्यांना कपाटाशेजारी खुर्ची दिली, गळ्यात 'परिणाम' अशी पट्टी घातली. शिकणारे एकेक येऊन ह्यांच्या डोळ्यात बॅटरी मारून बघायचे.

"काका, आता कितपत दिसतंय?"

"कालच्यापेक्षा कमी."

"वा!" म्हणून ते लिहून घ्यायचे. प्रशिक्षक म्हणायचा की इतकी नियमित प्रगती क्वचितच आढळते.

एक दिवस जाऊ आली. दोरीबाहेर उभी राहिली, ह्यांच्या गळ्यातली पट्टी वाचली, आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "जाऊबाई, भाऊजींना असं बसवून ठेवलंत?"

"बसवलं नाही. नेमलंय."

"त्यांना दिसत नाहीये हो!"

"म्हणून तर नेमलंय."

तिनं ओठ आवळले. ह्यांच्या कानाशी वाकून काहीतरी पुटपुटली आणि गेली. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं. पण वर्ग खोळंबला होता. पुढं काही दिवसांनी हे काळा चष्मा लावून बसायला लागले, उजेड सोसत नाही म्हणाले, घरीही काढेनात; तुकडी बॅटरी चष्म्यावरूनच मारायला लागली.

शेवटच्या परीक्षेचा दिवस उजाडला. वरिष्ठ येणार होते, ज्यांनी साहेबांचं उघडं तोंड पाहिलं होतं तेच. बोळात पायपुसणी नवी, दोरी नवी, ताटली पुसून लख्ख. परीक्षेची पद्धत साधी होती. उमेदवारानं आधी कारण दाखवायचं, मग परिणाम दाखवायचा, मग मी उपाय करणार. आणि ह्यांची खुर्ची रिकामी. सकाळी आंघोळ करून बाहेर पडले होते, हे मला माहीत; मला वाटलं, दुकानात गेले असतील. थोरला घामाघूम होऊन बोळभर फिरत होता, "परिणाम कुठाय? परिणाम कुठाय?"

वरिष्ठ आले. पहिल्या उमेदवारानं कारण दाखवलं. "आता परिणाम," वरिष्ठ म्हणाले. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. हे येत होते. पुढं हे, मागं जाऊ. भिंतीला हात नाही, कठड्याला हात नाही, पायरीला "आली" म्हणायला कुणी नाही. डोळ्यांवर तोच काळा चष्मा. येऊन आपल्या खुर्चीत बसले, पट्टी गळ्यात घातली, आणि चष्मा काढला.

उमेदवारानं बॅटरी मारली. "काका, आता कितपत दिसतंय?"

"तुझ्या शर्टाचं दुसरं बटण उलट्या दोऱ्यानं शिवलंय," हे म्हणाले.

उमेदवार बॅटरी धरून तसाच उभा. त्याला पुस्तकात असं काही सांगितलेलं नव्हतं. कपाटातलं कारण जागच्या जागी असताना परिणाम नाहीसा झाला, म्हणजे बिघाडाचीच शोभा गेली. साहेबांचं तोंड पुन्हा उघडं पडलं, आणि ह्या खेपेला आवाजही सोबत होता, "हे कुणी केलं?"

"बाजारापलीकडं एक म्हातारे डॉक्टर बसतात," हे म्हणाले. "मागच्या आठवड्यात हिच्या जावेनं नेलं मला. त्यांनी माप घेतलं आणि मोठ्यानं सांगितलं. पलीकडच्या खोलीतून त्यांच्या बाईंनी भिंग आणून दिलं."

"मोठ्यानं सांगितलं म्हणजे? कशावरून?" प्रशिक्षकानं विचारलं.

"तोंडानं. दार उघडं होतं."

"तारविरहित," मागच्या रांगेतला एकजण पुटपुटला आणि त्यानं लिहून घेतलं.

"मागच्या आठवड्यात?" मी म्हटलं. "आणि आठवडाभर इथं बसून कमी दिसतंय, कमी दिसतंय म्हणत होतात ते?"

"पट्टी होती डोळ्यावर, चष्म्याच्या आत. कमीच दिसत होतं. आज काढली."

थोरला काकुळतीला आला. "बाबा, निदान विचारायचं तरी!" वरिष्ठांनी घड्याळाकडं पाहिलं. आम्ही एवढ्या तुकड्या घडवल्या, एवढी माणसं मार्गी लावली, आणि ऐन वेळी घरच्याच माणसानं असा दगा दिला. जाऊ पदरानं तोंड झाकून हसत होती, मला दिसत होतं.

आणि हे माझ्याकडं बघत होते. खूप दिवसांनी बघत होते. आधी बिल्ल्याकडं बघितलं, मग हातातल्या लांब पट्टीकडं, मग वर माझ्याकडं.

"केस किती पांढरे झाले गं तुझे," हे म्हणाले. "मला दिसलंच नव्हतं."

बोळातले सगळे माझ्याकडं बघायला लागले. माझ्या एका हातात पट्टी होती, दुसऱ्या हातात वायर. मी वायर सोडली नाही. घसा साफ केला, आणि मागच्या रांगेला स्वच्छ ऐकू जाईल अशा आवाजात ह्यांना सांगितलं:

"अहो, एक डोळा तुम्ही मनानं उरकून टाकलात, झालं ते झालं. पण डाव्यात अजून धूर आहे. त्याला परस्पर हात लावलात तर माझ्याशी गाठ आहे. तो पुढच्या तुकडीचा आहे."